'किरी साइडट्रॅक्स': पावसाळ्यापासून ऐकतोय, आता सांगतो

या जॅझ अल्बमची जुनी सीडी घेतली. पुस्तिकेसकट आहे असं लिहिलं होतं, म्हणून चार पैसे जास्त मोजले. हातात पडली नुसती चकती. विक्रेत्याचं उत्तर, "डिस्क वाजतेय ना?" वाजतेय. पण कुठलं गाणं कुणी लिहिलं, कुणी बांधलं हे त्या पुस्तिकेतच असतं, आणि जास्तीचे पैसे तिचेच होते. विक्रेत्याला एकच तारा.

अल्बम १९९२ चा, अमेरिकन गाण्यांचा. ऑपेरावाली गायिका किरी ते कानावा, पियानोवर आंद्रे प्रेविन, गिटारवर मंडेल लो, डबल बासवर रे ब्राउन. ड्रम नाहीत, आणि त्यांची उणीव एकदाही भासत नाही. सगळा ठेका ब्राउनच्या बोटांत आहे. जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसनच्या त्रिकुटातही १९५८ पर्यंत हीच तीन वाद्यं होती आणि बास ब्राउनचाच. हेडफोनवर तार सुटतानाचा बोटाचा खरखरीत स्पर्शसुद्धा ऐकू येतो. निव्वळ बास ऐकायला मी काही गाणी परत परत लावतो.

तक्रार शब्दांची. ऑपेरात माइकशिवाय, ऑर्केस्ट्रा भेदून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. म्हणून स्वर गोल आणि लांब होतात, व्यंजनं मागे पडतात. या अमेरिकन गाण्यांची गायकी मात्र माइकवर वाढली. जुना अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बी कानाशी बोलल्यासारखा गायचा. किरी वर चढली की ओळीचं शेवटचं अक्षर गळतं, आणि नेमकी गंमत त्या अक्षरात असते! आयलीन फॅरेलही ऑपेराचीच, पण १९६० च्या तिच्या रेकॉर्डवर ती खालच्या पट्टीत, मोकळ्या छातीच्या आवाजात गाते. शब्द न शब्द कळतो.

दिवाळीच्या सुमारास मत निम्मं बदललं. शेजारी झोपलेले म्हणून आवाज अगदी बारीक ठेवून लावली, तर संथ गाणी वेगळीच लागली. तिथे किरी खालीच राहते, श्वास ऐकू येतो, प्रेविन दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत तेवढे चार सूर टाकतो आणि गप्प बसतो. सिनेसंगीतासाठी चार ऑस्कर मिळवलेला आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख संचालक राहिलेला माणूस इतकं कमी वाजवतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संथ गाण्यांसाठी पैसे वसूल. द्रुत गाणी मी आता सरळ पुढे ढकलतो. शब्दांसाठीच घ्यायची असेल तर प्रेविनचाच गायिका सिल्व्हिया मॅकनेअरसोबतचा, संगीतकार जेरोम कर्नच्या गाण्यांचा १९९४ चा अल्बम आधी घ्या. तिथे सोबतीला फक्त पियानो आणि बास, आणि ओळी पहिल्या खेपेलाच कळतात.