प्लास्टिकच्या कुंड्या: रंगवायच्या, गुंडाळायच्या की बुट्टीत ठेवायच्या?

बेळगावच्या टिळकवाडीतली गच्ची असो, शहापुरातला जिना असो किंवा खानापूरकडचं परडं, प्लास्टिकच्या विटकरी आणि काळ्या कुंड्या आता सगळीकडं आहेत. हलक्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या, पण दिसायला सगळ्या सारख्या. त्या सजवायच्या म्हटलं की चार वाटा समोर येतात: रंग द्यायचा, दोरी किंवा सूत गुंडाळायचं, बांबूच्या बुट्टीत बसवायची, नाहीतर वरून सिमेंटचं कापड चढवायचं. कुठली निवडायची हे ठरवताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: मिरगापासून गणपतीपर्यंत ही कुंडी कुठं असणार? उघड्यावर, की पत्र्याखाली? आपल्या भागात सजावट टिकेल की नाही, हे यावरच ठरतं.

सजावटीआधी कुंडीबद्दल थोडं. विकतच्या कुंडीला घाट असतो आणि भोकांची सोय असते. रंगकामानंतर उरलेली वीस लिटरची बादली खोल असते, तिला कडी असते आणि जास्वंद, कढीपत्ता, लिंबू यांसारख्या झाडांना ती लहान कुंडीपेक्षा कितीतरी चांगली. मात्र भोकं तुम्हालाच पाडायची आहेत. सळई तापवून भोकं पाडली की प्लास्टिकचा धूर नाकात जातो, म्हणून ड्रिलच वापरा. आठ-दहा मिलिमीटरची पाच-सहा भोकं तळाला आणि दोन-तीन बाजूनं, तळापासून बोटभर वर. बादलीचा तळ सपाट असतो. ती स्लॅबवर टेकली की खालची भोकं बंद होतात, तेव्हा बाजूची भोकं उपयोगी पडतात. निपाणी-चिकोडीकडं शेतातले औषधांचे रिकामे कॅन सहज मिळतात. ते कितीही धुतले तरी कुंडीसाठी वापरू नका, शोभेच्या झाडालाही नको. घरातली मुलं त्या मातीत हात घालतात.

आता रंग. उघड्यावरच्या कुंडीसाठी मी रंगालाच कौल देईन, पण तो नीट द्यायला पाहिजे. बादल्या आणि बऱ्याच कुंड्या पॉलिप्रोपिलिनच्या असतात. तळाला त्रिकोणात ५ हा आकडा असतो. हे प्लास्टिक इतकं गुळगुळीत आणि तेलकट स्वभावाचं आहे की साधा ऑइलपेंट त्याला धरतच नाही. नुसता ब्रश फिरवलेला रंग पहिल्या मोठ्या पावसात पापुद्र्यानं सुटतो. म्हणून आधी साबणानं धुवा, पॉलिश पेपरनं घासून चकाकी पूर्ण घालवा, स्पिरिटनं पुसा, मग प्लास्टिकला चालणारा प्रायमर आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात. आतल्या बाजूला रंग नको. माळ्यावरचे जुने डबे संपवायचा मोह होतो, पण घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा डबा असेल तर कोथिंबीर, पुदिना, मिरचीच्या कुंड्यांना तो लावू नका.

रंगाचा दुसरा फायदा झाडाला होतो. काळी कुंडी एप्रिल-मेच्या उन्हात इतकी तापते की कडेची मुळं भाजून निघतात. पश्चिमेच्या बाल्कनीत संध्याकाळी तिला हात लावून बघा. तीच कुंडी पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या रंगाची केली तर बराच फरक पडतो, शिवाय वरच्या रंगामुळं प्लास्टिकला थेट ऊन लागत नाही.

दोरी गुंडाळलेली कुंडी फोटोत सगळ्यात देखणी दिसते आणि आपल्या पावसात सगळ्यात लवकर खराब होते. तागाची दोरी आणि गोणपाट ओलं राहिलं की काळी बुरशी धरते, मग कुबट वास येतो. गुंडाळायचंच असेल तर काथ्याचा सुंभ घ्या, तो पाण्याला जास्त टिकतो. कागद-लाकडाचा साधा पांढरा गोंद पाण्यानं सुटतो, म्हणून रबराचा चिकट गोंद लावा. घराच्या आत, खिडकीपाशी ठेवायच्या छोट्या कुंडीसाठी मात्र माझी आवडती कल्पना वेगळी आहे: वडगाव-शहापूरच्या मागांवरचं उरलेलं रंगीत सूत. जांभळा, मोरपंखी, लाल असे साडीच्या काठाचे रंग पट्ट्यापट्ट्यानं गुंडाळले की मनी प्लांटची कुंडीही उठून दिसते. थेट ऊन लागलं तर रंग उडतात, एवढं ध्यानात ठेवा.

बांबूच्या बुट्टीला गोंद लागत नाही की रंग. बुरुडाकडून कुंडीपेक्षा दोन बोटं रुंद बुट्टी घ्या आणि प्लास्टिकची कुंडी तशीच आत ठेवा. शेवंतीचा बहर संपला की ती परड्यात, आणि तिच्या जागी दुसरी फुललेली कुंडी. सणासुदीला दारात काय ठेवायचं हा प्रश्न यानं सुटतो. अट एवढीच की बुट्टी ओसरीत, पत्र्याखाली हवी आणि खाली दोन विटा हव्यात, नाहीतर बांबू बुडाकडून कुजतो. आत बशी ठेवली असेल तर तिकडं विशेष लक्ष द्या. ती नजरेआड असते, तिच्यातलं पाणी तसंच राहतं, आणि डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा बशी रिकामी करून घासायचीच.

सिमेंटचं कापड ही कष्टाची वाट आहे, पण तुळशीसाठी मला दुसरं काही सुचत नाही. गेरू आणि चुना प्लास्टिकवर बसत नाही, सिमेंटवर बसतो. जुना टॉवेल सिमेंटच्या पातळ लगद्यात बुडवून बादलीभोवती चढवायचा, घड्या मनासारख्या पाडायच्या, कडक झाला की आठवडाभर पाणी मारायचं. मग गेरू आणि त्यावर पांढरी रांगोळी. सिमेंटमधला चुना मुळांना लागत नाही, कारण मध्ये प्लास्टिक आहे. वजन मात्र वाढतं, म्हणून जागा आधी ठरवा. जुन्या गच्चीवर अशा कुंड्यांची रांग लावू नका.

बाटल्या आडव्या कापून भिंतीला टांगायची कल्पना फार दिसते. माती मूठभर, उन्हाळ्यात दोनदा पाणी. ऑफिस टाइमची फुलं लावायला ठीक, बाकी झाडांची आबाळ होते.

मग प्लास्टिक हवंच कशाला, खानापूरची मातीची कुंडी का नको? रास्त प्रश्न आहे. खानापूरची लाल माती नावाजलेली, खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथंच आहे. मातीची कुंडी पाझरते, म्हणून मुळं गार राहतात आणि जास्तीचं पाणी सुकतं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात हा गुण मोठा. तिकडं प्लास्टिक वापरलंत तर भोकं दुप्पट ठेवा आणि मातीत वाळू वाढवा. अथणी-रायबागकडं उलट आहे. तिथं पाणी जपायचं असतं, आणि प्लास्टिकच्या कुंडीतून ते बाजूनं उडत नाही. बेळगाव शहर या दोन्हींच्या मधलं, म्हणून इथं मी मोगरा मातीच्या कुंडीत आणि भाजी प्लास्टिकमध्ये लावा म्हणेन.

रंग आणि सिमेंटचं काम वळीव सुरू व्हायच्या आत उरका. फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा त्याला उत्तम. भाड्याच्या घरात असाल तर सिमेंटच्या वाटेला जाऊ नका. दोन रंगवलेल्या बादल्या गच्चीवर आणि एक बुट्टी दारात, एवढं घ्या. घर बदलताना सगळं एका रिक्षात बसतं.