ट्रेक लीडरचा कोर्स: पैसे वसूल, प्रमाणपत्र सोडून

दापोली-खेड भागात कॉलेजच्या मुलामुलींसाठी शनिवार-रविवारी चालणारा ट्रेक लीडरचा कोर्स मी यंदा केला. मी एस.वाय. बीएस्सीला आहे. फी चार हजार, राहणं-जेवण त्यातच. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही.

आधी चांगलं सांगते. इथे तुम्हाला पुढे चालूच देत नाहीत. रसाळगडावर मला थेट शेवटी ठेवलं. सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या मागे राहायचं, आणि त्याला ‘चल ना लवकर’ म्हणायचं नाही. रसाळगड तसा सोपा, रसाळवाडीतून झोलाईच्या देवळापर्यंत फार दमायला होत नाही. म्हणूनच तो निवडलाय. डोळे वाटेवर कमी आणि माणसांवर जास्त ठेवायचे असतात: कोणाचं पाणी संपलं, कोणाची टाच नव्या बुटांनी सोलली, मघापासून बडबडणारा अचानक गप्प का झाला. मध्येच एक जण ‘पाय मुरगळला’ म्हणून बसला. सरांनीच त्याला तसं सांगून ठेवलं होतं हे मागाहून कळलं. तोवर बाकीच्यांना सावली बघून थांबवणं, त्याची सॅक वाटून देणं, खाली कोणाला धाडायचं ते ठरवणं, सगळं माझ्याच गळ्यात. सर दगडावर बसून शेंगदाणे खात होते.

पण कोर्सचा खरा जीव समुद्रकाठच्या हर्णैला आहे. तिथे शिकवायला एक तांडेल काका, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, येतात. भरतीची वेळ विचारल्यावर आम्ही सगळ्यांनी मोबाईल काढले.
“तो ठेव गो आधी. आज तिथी कुठची?”
“षष्ठी, काका.”
“मग सहाची पाऊणपट कर.”
साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याआधी सव्वासहा तास, सकाळी सव्वादहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघायच्या आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचंच. पण रेंज नसताना हा हिशोब कामाला येतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यांत मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यांत लहान. मुरुड ते कर्दे पुळणीवरून चालताना याचं काही वाटत नाही. खडपाला, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाला, वळसा घालून पलीकडे जायचं असेल, तर मात्र पाणी चढायच्या आत परत यायला हवं. समोर समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याला होडी लावायचा धक्का नाही, होडी सरळ वाळूला लावतात, त्यामुळे लाटा असल्या की उतरताच येत नाही. काकांनी आम्हाला ‘आज जायचं नाही’ एवढंच बोलायचा सराव दिला. समोर आमच्यातलेच काही जण पुण्याहून पैसे भरून आलेले पाहुणे झाले आणि मनसोक्त भांडले. गडाच्या चढापेक्षा हे अवघड गेलं.

प्रथमोपचार ग्रामीण रुग्णालयातल्या एका सिस्टरनी शिकवले, तेही इथल्या मातीला धरून. कातळावर बसताना फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, आहे का बघायचं. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय हलू न देता १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना. लाल विंचवालाही हलक्यात घ्यायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिला तेव्हापासून माणसं वाचतात, पण वेळेत पोचवलं तर. हृदय बंद पडल्यावर द्यायच्या छातीदाबाचा सराव बाहुल्यावर: ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० चा वेग. दोन मिनिटांत घाम फुटतो.

दोराचा भाग मात्र उरकलेला. हार्नेस, म्हणजे दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा, एकच, त्यामुळे सगळा दिवस रांगेत. बोलाइन गाठ मी घरी ओढणीला बांधून शिकले.

आता प्रमाणपत्र. पत्रकावर ‘राज्यभर मान्य’ छापलंय. विचारलं तर कळतं, ते संस्थेचं स्वतःचं आहे. गिर्यारोहणातच पुढे जायचं असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या २८ दिवसांच्या बेसिक कोर्ससारखा कोर्स करावा लागतो, त्याला हा पर्याय नाही. आणि कोर्स संपला की ‘अनुभव मिळेल’ म्हणून यांच्याच सहलींना फुकट लीडर म्हणून बोलावतात. पाहुण्यांकडून पैसे घेता, मग आम्हाला निदान एसटीचं भाडं आणि मानधन द्या! मी एकदा गेले, दुसऱ्यांदा मानधन विचारलं तर फोन बंद. गंमत म्हणजे आता कॉलेजवाले आमच्या कॉलेजच्या सहलीला मला आपणहून बोलावतात, कारण मुलींच्या आया पहिला प्रश्न विचारतात, “सोबत कोणी मुलगी आहे ना?”

कराच, पण पत्रक बघून नव्हे. फी भरायच्या आधी सहलीच्या विम्यात लीडरचं नाव असतं का ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पावसाळी बॅच घेऊ नका. तेव्हा होड्या बंद असतात आणि हर्णैचा सगळा भाग फळ्यावर आकृत्या काढून संपवतात. डिसेंबरची बॅच बरी, फक्त सेमिस्टरची परीक्षा आडवी येते का तेवढं बघा.