पार्ट बदलता येणारा फोन देवगडच्या खाऱ्या हवेत: फेअरफोन ५, दोन पावसाळे वापरून

समुद्राजवळ राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडे फोन पडून फुटायच्या आधी चार्जिंगची पिन हिरवी पडते आणि मग वायर वाकडी करून, खाली काहीतरी टेकू देऊन चार्ज करत बसायचं. माझा आधीचा फोन (कंपनीचं नाव नको) २०२३ च्या आंबा सीझनमध्ये भर एप्रिलात असाच बसला. हापूसच्या ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर, पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांचे पत्ते त्यातच आणि फोन बंद. बाजारात नेला तर हीट गनने मागची काच तापवून उघडावा लागला, पिन बदलली पण कोपऱ्यात चीर गेली आणि मूळचा गम काही परत तसा बसला नाही. जूनच्या पहिल्या पावसात कॅमेऱ्यात वाफ धरली ती धरलीच. तेव्हा कळलं की गमवाल्या फोनचं वॉटरप्रूफ पहिल्यांदा उघडेपर्यंतच खरं.

त्या दिवाळीत आतेभाऊ नेदरलँड्सवरून आला तो माझ्यासाठी फेअरफोन ५ घेऊनच. कंपनी तिकडचीच, ॲमस्टरडॅमची. फोन २०२३ चा, किंमत तेव्हा ६९९ युरो. एवढ्या पैशात इथे बराच फास्ट फोन मिळतो हे मान्य. पण ५ वर्षं वॉरंटी (तिकडची), ८ वर्षं सॉफ्टवेअर सपोर्ट आणि बॅटरी, डिस्प्ले, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग पोर्ट (तीच आपली पिन) सगळं सुटं.

मॉड्युलर, म्हणजे सुट्या भागांचा, म्हटलं की लोकांना २०१६ चे फोन आठवतात, मोटो झेडच्या पाठीला चुंबकाने स्पीकर नाहीतर कॅमेरा चिकटवायचा, एलजी जी ५ चा खालचा भाग ओढून काढायचा. गूगलचा असाच फोन, प्रोजेक्ट आरा, तर बाजारात यायच्या आधीच त्याच वर्षी बंद झाला. त्यात जास्तीचं काहीतरी जोडायची हौस होती. इथे जोडायचं काही नाही, बिघडलेलं बदलायचं, आणि आपल्याला तेच पाहिजे.

दोन पावसाळे काढल्यावर गेल्या ऑक्टोबरात ह्याचाही पोर्ट कुरकुरायला लागला. दोष फोनचा नाही, आमच्या हवेचा. आतेभावाने आधीच एक जास्तीचा पोर्ट आणून ठेवला होता, साधारण २० युरोचा. ओटीवर पांढरं फडकं पसरलं, नखाने मागचं कव्हर उचकटलं, बॅटरी हातानेच निघाली, छोट्या स्टार स्क्रूड्रायव्हरने स्क्रू सोडवले, जुना पोर्ट काढून नवा बसवला. जुना उजेडात धरून बघितला तर आतल्या बारीक पट्ट्यांवर हिरवं साचलेलं आणि कडेला मिठासारखी पांढरी पूड. चहा निवायच्या आत फोन चालू! एप्रिलातली ती धावपळ आठवून खरंच बरं वाटलं. नंतर रिपेरिंगवाल्याला दाखवला तर तो उलटसुलट करून म्हणाला, "ह्यो खंयसून हाडलंस रे? गम नाय, हीट गन नाय, मगे आमची गरजच काय!" पण त्यालाही आवडला, कारण दुसऱ्याची काच फुटायची भीती त्यालाही असतेच.

बॅटरी ४२०० एमएएच, आजच्या मानाने कमीच, संध्याकाळपर्यंत जेमतेम. पण दुसरी भरलेली बॅटरी कपाटात असली की पावसात लाइट गेली तरी धीर असतो, तौक्ते वादळात २०२१ ला आम्ही फोनशिवाय काय काढलंय ते आमचं आम्हाला माहीत. अडचण एवढीच की बाहेर चार्ज करायचा डॉक बॉक्समध्ये येत नाही, आळीपाळीने फोनमध्ये घालूनच भरायची.

आता जे खटकतं ते. पहिलं म्हणजे आयपी ५५ (धूळ-पाणी अडवायचा दर्जा), पावसाचे शिंतोडे चालतील पण पाण्यात पडला तर काही खरं नाही, होडीवर जाणाऱ्याने घेऊ नये. जाड आहे, २१२ ग्रॅम, शर्टाच्या खिशात ओढ लागते. हेडफोनचं भोक नाही, आणि दुरुस्तीच्या नावाने विकणाऱ्या कंपनीने ते काढावं हे मला पटलेलं नाही. सिमची जागा एकच, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता चालणारं.

पण सगळ्यात मोठा तोटा म्हणजे हा फोन भारतात विकायलाच नाही, त्यामुळे पार्टही नाहीत. डिस्प्ले तिकडे १०० युरोच्या आसपास मिळतो, पण तो इथे येणार कोणाच्या तरी बॅगेतून, आणि सुटी बॅटरी तर विमानात हातातल्या बॅगेतच आणावी लागते. माझा माणूस तिकडे आहे म्हणून निभावतं. तुमचं तिकडे कोणी नसेल तर घेऊ नका, स्पष्ट सांगतो. पार्ट बदलता येणारा फोन आणि पार्टच नाही, मग तो गमवाल्यासारखाच.

युरोपात जून २०२५ पासून कंपन्यांना ७ वर्षं पार्ट द्यायची सक्ती आहे आणि फेब्रुवारी २०२७ पासून काही अपवाद सोडून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम येतोय. आपल्याकडे २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू झालं, पण मला पोर्टल नकोय, मला देवगडच्या बाजारात ओरिजिनल चार्जिंग पोर्ट टांगलेला दिसला पाहिजे, पाकिटावर किंमत छापलेली.

आतेभाऊ मे महिन्यात येतोय. दोन पोर्ट आणि एक बॅटरी सांगून ठेवलीय, बदल्यात त्याला दोन पेट्या हापूस.