डायटिशियनसाठी रिसर्च पेपर वाचायचा ऑनलाइन कोर्स, ५ पैकी ४ स्टार

चार रविवार, सकाळी १० ते १, फी २४०० रुपये. क्लिनिक टाकून ९ वर्षं झाली माझी, पण खरं सांगते, मी पेपर म्हणजे अॅबस्ट्रॅक्टची (सुरुवातीच्या सारांशाची) शेवटची दोन वाक्यं वाचायचे, तीही एखादा एमआर (औषध कंपनीचा माणूस) पॅम्फ्लेट ठेवून गेला तर. एमएस्सीला बायोस्टॅट (संशोधनातलं आकडेशास्त्र) होतं पण ते पास होण्यापुरतं.

पहिला रविवार पबमेडवर, म्हणजे मेडिकल पेपरच्या वेबसाइटवर, शोधायचं कसं ह्यातच गेला, जांभया नुसत्या. दुसऱ्या रविवारी सरांनी प्रेडिमेड काढला आणि मी ताठ बसले, कारण ऑलिव्ह ऑइल फुकट वाटून केलेली ही स्पेनमधली ट्रायल मी स्वतः पेशंटना ऐकवत आलेय. ७४४७ लोक, २०१३ ला छापून आली, हार्ट अटॅक-स्ट्रोक वगैरे सुमारे ३० टक्के कमी. पण २०१८ मध्ये त्यांनीच तो पेपर मागे घेतला आणि दुरुस्त करून परत छापला, हे मला माहीतच नव्हतं!! झालं काय, तर एकेका माणसाची चिठ्ठी काढल्यासारखी विभागणी करायची सोडून एका ठिकाणी अख्ख्या दवाखान्याला एकच डाएट देऊन टाकलं, कारण शेजारणीला फुकट तेल आणि मला का नाही अशी कुरकुर सुरू झाली होती. आपल्याकडे तर पहिल्याच दिवशी झाली असती.

मग टेबल उघडायला लावलं. जवळपास ५ वर्षांत कंट्रोल ग्रुपमध्ये (ज्यांना फुकट तेल नव्हतं, तुलनेसाठी ठेवलेले) १०० मागे ४.४ जणांना हार्ट अटॅक-स्ट्रोक वगैरे, ऑलिव्ह ऑइलवाल्यांत ३.८. एवढंच? मी बघतच राहिले. आता ह्यातून ते ३० टक्के कसे निघतात, ते फॉलोअप, अॅडजस्टमेंट म्हणत पाच मिनिटांत उरकलं, सगळं डोक्यावरून गेलं, ग्रुपवर विचारलं तर अजून उत्तर नाही. एक स्टार तिथेच कापलाय.

शेंगदाणा तेल, करडई, भाकरी ह्यांच्यावरचा एकही पेपर घेतला नाही हे पण खटकलं. सर्टिफिकेटवर आडनाव चुकलंय ते वेगळंच.

तरी घ्या कोर्स. परवा एका काकूंनी विचारलं, मॅडम ऑलिव्ह ऑइल सुरू करू का, तर मी नेहमीची टेप न लावता ट्रायल कशी झाली ते सांगितलं, घरटी आठवड्याला लिटरभर तेल फुकट द्यायचे म्हटलं. त्यावर काकू म्हणतात, "मग तो फुकटवाला ग्रुप आपल्याकडे नाही का?"