फेसबुकचं सेफ्टी चेक: 5 पैकी 4 स्टार

25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा माझा मित्र तिकडे ट्रेकला गेलेला. फोन लावतोय लावतोय, लागतच नाही. संध्याकाळी फेसबुकवर त्याच्या नावापुढे हिरवी खूण दिसली, सुरक्षित म्हणून, आणि जीव भांड्यात पडला.

हे फीचर ऑक्टोबर 2014 मध्ये आलं, 2011 च्या जपानच्या त्सुनामीत तिथल्या इंजिनिअर लोकांनी निरोप ठेवायला बोर्ड बनवलेला त्यातून. तुम्ही आपत्ती आलेल्या भागात असाल तर नोटिफिकेशन येतं, एक टच केला की सगळ्या फ्रेंड्सना कळतं, पन्नास जणांना पन्नास फोन करायला लागत नाहीत. मला हेच सगळ्यात जास्त पटतं. काही टॉवर बंद पडलेले असतात आणि जे चालू असतात त्यांच्यावर सगळे एकदम तुटून पडतात, कॉल लाइन अडवून बसतो, छोटा मेसेज मात्र जागा मिळेल तसा निघून जातो. ढिगाऱ्याखालून कोणी फोन लावत असेल तर लाइन त्याला मिळायला पाहिजे ना!

चुका झाल्यात. 2016 मध्ये लाहोरच्या बॉम्बस्फोटानंतर पार दुसऱ्या देशांतल्या लोकांना 'तुम्ही ठीक आहात का' असं गेलं, कंपनीने माफी मागितली. एक स्टार त्याचा कापला.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. खूण फक्त त्या वेळेपुरती असते. नेपाळमध्येच 12 मे ला पुन्हा 7.3 चा धक्का बसला, आता आधीच्या खुणेवर कसं विसंबून राहणार? आणि खूण नाही म्हणजे माणूस गेला असंही नाही, बॅटरी संपलेली असते, मोबाइल हरवलेला असतो, कित्येकांचं तर अकाउंटच नसतं. मित्राच्या ग्रुपमधल्या एकाच्या नावापुढे तीन दिवस काहीच नव्हतं, त्याची आई रात्री उठून उठून मोबाइल बघायची, वर खाली करायची, परत बघायची, जेवण तर सुटलंच होतं त्यांचं.

म्हणून प्लीज, बटण दाबाच पण सोबत दोन ओळी टाका, कुठे आहात, किती वाजता लिहिताय, बरोबर कोण कोण आहे, सगळ्यांची नावं. चौथ्या दिवशी मित्राला परत रेंज मिळाली तेव्हा त्याने लिहिलं की ग्रुपमधला तो पण आमच्याच तंबूत आहे, मोबाइल दगडाखाली गेला. पहिल्या दिवसापासून दोघं शेजारी शेजारी झोपत होते.