राजकीय सिनेमा आणि सेन्सॉर बोर्ड: पोर्टल चांगलं, पुढची वाट अवघड

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचा अध्यक्ष कुणाचा माणूस, यावर दर नेमणुकीला भांडण होतं. काँग्रेसप्रणीत सरकारने २०११ मध्ये नेमलेल्या लीला सॅमसन यांनी जानेवारी २०१५ मध्ये राजीनामा दिला, मग पहलाज निहलानी आले, ऑगस्ट २०१७ मध्ये प्रसून जोशी. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ३ नुसार अध्यक्ष आणि १२ ते २५ सदस्य केंद्र सरकारच नेमतं, तेव्हा आरोप होणारच. पण सिनेमा आधी बघते ती तपासणी समिती: पूर्ण लांबीच्या सिनेमाला सल्लागार मंडळातले चार जण आणि एक तपासणी अधिकारी. हे सल्लागारही केंद्रच नेमतं आणि त्यांच्या नेमणुकीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. खरी नजर तिथे हवी.

अर्जासाठीचं ई-सिनेप्रमाण पोर्टल मात्र कामाचं आहे. नोंदणी, कागदपत्रं, शुल्क सगळं घरबसल्या होतं. अडतं ते बहुतेक तयारीत. संवादांची संहिता अंतिम संकलनाशी ओळ न् ओळ जुळली पाहिजे. शेवटच्या आठवड्यात डबिंग बदललं तर संहिताही बदला. मोर्चात बैल किंवा घोडा दाखवला असेल तर प्राणी कल्याण मंडळाचा दाखला आधीच हाताशी ठेवा. प्रचाराच्या दृश्यात सिगारेट असेल तर तंबाखूविरोधी सूचना लागतातच.

राजकीय सिनेमाची खरी अडचण ‘ना हरकत’ पत्राची. २०१७ मध्ये आम आदमी पक्षावरच्या ‘अॅन इनसिग्निफिकंट मॅन’ या माहितीपटाकडे मोदी, केजरीवाल आणि शीला दीक्षित यांची पत्रं मागितली गेली. मंडळाच्या निर्णयावर दाद मागायला तेव्हा असलेल्या अपील न्यायाधिकरणाने तो सोडवला. २०२५ मध्ये योगी आदित्यनाथांच्या जीवनावरच्या ‘अजेय’लाही मुख्यमंत्री कार्यालयाचं पत्र आणायला सांगितलं, अशी निर्मात्यांची तक्रार होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी सिनेमा स्वतः पाहिला आणि ऑगस्टमध्ये एकही कट न लावता परवानगी दिली. एक सिनेमा सत्ताधाऱ्यांच्या विरोधकांवरचा, दुसरा सत्ताधाऱ्यांच्याच नेत्यावरचा. म्हणून ‘आपला पक्ष सत्तेत आहे, काही होणार नाही’ या भरवशावर राहू नका. कलम ५ब मध्ये नाकारण्याची कारणं दिली आहेत. नेत्याची परवानगी त्यात नाही. पत्र तोंडी मागितलं तर मागणी कोणत्या नियमाखाली आहे ते लेखी विचारा.

कट सुचवले की कारणांसह नोटीस येते. उत्तर मुद्देसूद द्या: प्रत्येक संवादापुढे आधार जोडा, मग तो विधिमंडळातल्या कामकाजाचा उतारा असो, निकालपत्र असो की त्या काळचं वर्तमानपत्र. १९९१ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सिनेमा समग्र परिणामावरून जोखायचा. सुटा शब्द पकडला असेल तर तेवढाच मुद्दा लावून धरा. ‘फुले’मध्ये जातीवाचक शब्द आणि पेशवाईचा उल्लेख बदलायला लावले. फुल्यांच्या चरित्रातून जात बाजूला काढली तर उरतं काय? हा निर्णय चुकीचाच होता.

समितीचं पटलं नाही तर फेरतपासणी समिती. त्यापुढे पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं. एप्रिल २०२१ मध्ये ते बंद केलं आणि थेट उच्च न्यायालय उरलं. छोट्या मराठी निर्मात्याला वकिलाचा खर्च आणि हातातून गेलेले शो दोन्ही परवडत नाहीत, म्हणून तो निमूट कट स्वीकारतो. या सेवेतला सगळ्यात मोठा दोष हाच, आणि न्यायाधिकरण परत आणल्याशिवाय तो जाणार नाही. ‘उडता पंजाब’ला जून २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कटवर सोडलं, मंडळाने तेरा बदल सांगितले होते, पण ती लढाई मोठ्या निर्मात्यांनाच जमली.

प्रमाणपत्र हातात आलं की दुसरं पान वाचा, कट तिथे लिहिलेले असतात. नंतर कुणाच्या आंदोलनामुळे काही वगळलंत, तर मंडळाला कळवून त्याची नोंद करून घ्यावी लागते. थिएटरची तारीख मात्र प्रमाणपत्रानंतरच जाहीर करा.