जन्मतारखेचं यंत्र आणि ‘ऋण अंकाचा दोष’

लालबागच्या एका गृहस्थांकडून चार महिन्यांत ५४,१०० रुपये काढून घेतले गेले. सुरुवात झाली एका कोऱ्या कागदाने. दादर स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत बसलेल्या माणसाने त्यांना फक्त जन्मतारीख विचारली: १५ फेब्रुवारी १९७५. त्याने सोळा घरं आखली, वरच्या ओळीत तारीख मांडली आणि उरलेली बारा घरं न थांबता मिनिटभरात भरली.

१५ | २ | १९ | ७५
७६ | १८ | −१ | १८
० | १७ | ७७ | १७
२० | ७४ | १६ | १

मग म्हणाला, “काका, तुमच्याच मोबाइलवर बेरीज करून बघा.” आडव्या ओळी, उभ्या ओळी, दोन्ही कर्ण, चार कोपरे, मधली चार घरं, जिथे बघाल तिथे १११. “हा सूर्याचा अंक.” इथवरचे २,१०० रुपये. त्यानंतर त्याचं बोट −१ वर गेलं. “ऋण अंक आलाय. डोक्यावरचं ऋण फिटत नाही ते यामुळेच. आणि खाली शून्याचं घर रिकामं.” गृहस्थांवर खरोखरच कर्ज होतं. शांतीचे ११,००० आणि चांदीच्या यंत्राचे ४१,००० पुढे हप्त्याहप्त्याने गेले.

आधी गणित बघू, कारण सगळा डाव गणितातच आहे. तारखेला दि, महिन्याला म, शतकाच्या दोन अंकांना श आणि वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांना व म्हणा.

पहिली ओळ: दि, म, श, व
दुसरी: व+१, श−१, म−३, दि+३
तिसरी: म−२, दि+२, व+२, श−२
चौथी: श+१, व−१, दि+१, म−१

प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि कर्णात ही चारही अक्षरं एकेकदाच येतात आणि जोडलेले-वजा केलेले आकडे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून बेरीज कायम दि+म+श+व एवढीच राहते, तारीख कुणाचीही असो. रामानुजन यांच्या जन्मतारखेचा (२२-१२-१८८७) १३९ बेरजेचा जो चौरस सगळीकडे फिरतो, तो याच साच्यातला. बारा घरांचा हा साचा पाठ करायला एक संध्याकाळ पुरते.

आता ‘दोष’. साच्यात म−३, म−२ आणि म−१ अशी तीन घरं आहेत. जानेवारीत म म्हणजे १, तेव्हा −२, −१ आणि ० येणारच. फेब्रुवारीत −१ आणि ०. मार्चमध्ये एक शून्य. म्हणजे वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येकाच्या कागदावर हा दोष उमटतो, मग तो कर्जबाजारी असो वा नसो. २००० साली जन्मलेल्यांचं तर व हेच शून्य, त्यामुळे वरच्या ओळीत शून्य आणि व−१ च्या घरात −१ कुठल्याही महिन्यात ठरलेलं. मराठीत वजा संख्येलाही ऋण म्हणतात आणि देण्यालाही, एवढ्या एका शब्दावर घाबरलेल्या माणसाकडून पैसे काढले जातात. याचा आम्हाला फार राग येतो.

एप्रिलपासून पुढच्या तारखांना सहसा ऋण अंक सापडत नाही, तेव्हा दोष म्हणून पुन्हा आलेला आकडा दाखवतात. वरच्या चौरसात १७ आणि १८ दोनदा आहेत. खरं तर संख्या पुन्हा आली की काटेकोर अर्थाने तो ‘जादूचा चौरस’, म्हणजे वेगवेगळ्या संख्यांची सगळीकडे सारखीच बेरीज देणारा चौरस, राहतच नाही. १ ते १६ एकेकदा वापरून केलेल्या चौरसाची बेरीज नेहमी ३४ येते. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातला चौतिसा यंत्राचा चौरस तसा आहे.

‘सूर्याचा अंक १११’ हेही उसनं. तो आकडा युरोपातल्या परंपरेचा आहे. अग्रिपा या जर्मन लेखकाने गूढविद्येवरच्या, १५३३ मध्ये पूर्ण छापल्या गेलेल्या ग्रंथात सूर्याला सहा बाय सहाचा चौरस दिला, त्याची बेरीज १११. आपल्याकडच्या नवग्रह यंत्रांत सूर्याचा चौरस तीन बाय तीनचा: ६ १ ८, ७ ५ ३, २ ९ ४, बेरीज १५. अग्रिपाने हाच १५ बेरजेचा चौरस शनीला दिला आहे! आपल्या सूर्ययंत्राच्या प्रत्येक घरात १ मिळवला की चंद्राचं १८ चं यंत्र होतं, आणखी १ मिळवला की मंगळाचं २१ चं, असं करत शनीला ३३ आणि केतूला ३९. ही यंत्रं सर्वांना सारखीच असतात, त्यांचा जन्मतारखेशी संबंध नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना ती स्वतः अष्टगंधाने भूर्जपत्रावर लिहिता येतात. ‘तुमच्यासाठी गणित करून काढलेलं यंत्र’ म्हणून कुणी नवग्रह यंत्राचे पैसे मागत असेल तर तिथेच उठावं. नारायण पंडितांनी १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त भद्रगणित म्हणून या चौरसांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. इतक्या सुंदर विद्येचा असा वापर व्हावा याचं वाईट वाटतं.

चांदीचं यंत्र निघालं तांब्याचं, वरून चांदीचा मुलामा. तपासायची रीत सोपी आहे, पण स्वयंपाकघरातला एक ग्रॅमने पुढे सरकणारा काटा चालत नाही, किमान ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. आधी पत्रा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि पत्रा दोऱ्याने पूर्ण बुडवून लोंबता धरा. तळाला किंवा काचेला टेकला तर आकडा चुकतो, पत्र्याला चिकटलेले बुडबुडेही झटकून घ्या. ५० ग्रॅमचा पत्रा चांदीचा असेल तर काटा सुमारे ४.८ दाखवतो, तांब्याचा असेल तर ५.६. या यंत्राला ५.६ आला. नंतर सराफाने कड कानशीने घासली तेव्हा आत लाल दिसलं.

पहिला कागद मात्र त्या गृहस्थांकडे उरला नव्हता. “दोषाचं यंत्र घरात ठेवू नका, चौपाटीवर विसर्जन करा,” असं सांगून पुरावा त्यांच्याच हातून समुद्रात टाकायला लावला होता. म्हणून कागद, पत्रा, डबी, पावती, काहीही विसर्जित करू नका. यूपीआयचे व्यवहार आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप जपून ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात. तक्रार पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि त्यात महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा उल्लेख करा. गुन्हा दखलपात्र आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये. दैवी शक्तीचा दावा करून टीव्हीवर यंत्रं विकणं बेकायदा असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं आहे. यंत्राने आजार बरा होईल असं लिहून किंवा छापून दिलं असेल तर १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदाही लागू होऊ शकतो, म्हणून ते पत्रक तक्रारीला जोडा.